बेतवाची सवय, देवबागचा वारा

झाशीहून समुद्र बघायला जाणारी माणसं असतात, समुद्रात परीक्षा द्यायला जाणारी मला तरी माहीत नाहीत. त्यामुळे माघातल्या एका रविवारी मी आणि माझी भाची गार्गी सामान घेऊन निघालो, तेव्हा सदर बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराने, "गोवा जा रहीं क्या, जिज्जी?" असं विचारलं आणि मी, कुठे समजावत बसा, म्हणून सरळ "हओ" म्हटलं.

खरी गोष्ट अशी. गार्गी तेवीस वर्षांची. दोन हिवाळे ती ओरछ्याजवळ बेतवा नदीवर प्रवाशांना कयाक चालवायला शिकवणाऱ्या एका मंडळीकडे मदतनीस म्हणून काम करत होती. कयाक म्हणजे लांबट, हलकी, दोन्ही टोकांना निमुळती होडी. वल्ह्याला दोन्हीकडे पाती. त्या मंडळींना आता एका धरणाच्या पसरट पाण्यावर फेऱ्या सुरू करायच्या होत्या. तिथे दुपारी वारा सुटला की पाणी खवळतं. "वाऱ्याचं पाणी शिकून ये, मग तुला गाइड करतो," असं त्यांनी तिला सांगितलं होतं. वाऱ्याचं पाणी शिकवणारी एक बाई कोकणात देवबागला आहे आणि तिच्या सहीच्या कागदाला या धंद्यात मान आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

माझा भाऊ श्रीधर, म्हणजे गार्गीचे वडील, जन्मभर सरकारी कचेरीत नियम पाळत आणि पाळायला लावत आलेला माणूस. त्याने अट घातली. "एकदा जा. पास झालीस तर नदी तुझी. नापास झालीस तर परत यायचं आणि कानपूरला बँकेच्या परीक्षेचं कोचिंग. दुसरा चान्स नाही." कोचिंगचा फॉर्म त्याने भरूनही ठेवला होता. गार्गीने मान डोलावली. मी त्याच साली रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते, पोहायला येत होतं आणि तोंडही चालत होतं, तेव्हा सोबतीला माझी नेमणूक झाली.

मंगळवार

गाडीतल्या दोन दिवसांचं काही सांगत नाही. गाडी ती गाडीच.

देवबाग म्हणजे जमिनीची एक पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांखाली घरं. आमच्याकडे मोठ नावाच्या गावी धान्याच्या बाजारात याहून रुंद जागेत ट्रॅक्टर उभे असतात. पुढच्या अंगणात उभं राहिलं की समुद्र ऐकू येतो, मागच्या परड्यात गेलं की खाडी दिसते. पोचल्या पोचल्या मी तीनदा पुढे-मागे केलं. साठ वर्षांच्या बाईने असं करू नये, पण मला फार आनंद झाला होता.

आमच्या शिक्षिका सुगंधाताई. पंचेचाळिशीच्या, रापलेल्या रंगाच्या, खांदे पुरुषासारखे. मासेमारी करणाऱ्या घरातल्या. त्यांच्याच घरातल्या एका खोलीत आमचा मुक्काम होता. आम्ही झाशीचे म्हटल्यावर कोकणात सगळे विचारतात तेच त्यांनीही विचारलं, "आणि घोडो खय ठेवलास?" मी म्हटलं, "माहेरी." तेव्हापासून आमचं जमलं.

माझं मराठी ऐकून मात्र त्या गालातल्या गालात हसायच्या. आमच्या घराण्याला झाशीत येऊन दोन-अडीच शतकं झाली. तिथे आजूबाजूला सगळी हिंदी आणि बुंदेली. आमचं मराठी घरातल्या घरात राहिलं, त्यामुळे ते जुनंच राहिलं. मी "कढत पाण्याचं घंगाळ" म्हटलं की सुगंधाताई लेकीला हाक मारून सांगायच्या, "ऐक गो, पोथी वाचल्यासारख्या बोलतत." गार्गीला मराठी सगळं कळतं, पण जिभेवर हिंदीच येते. सुगंधाताईंची मालवणी तिला माझ्याआधी कळायला लागली, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

जेवणाचं काय वर्णन करावं! मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या केल्या. वर सोलकढी. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत सन्नाटा म्हणून आंबट-तिखट पातळ ताक असतं, प्यायल्यावर डोक्याला झिणझिण्या येतात. सोलकढी त्याच्या उलट, पोटात जाऊन सगळ्यांची समजूत काढते. मी चार वाट्या प्याले. गार्गी मागीलदारी बसून तळलेला बांगडा खात होती आणि मी काही पाहिलं नाही.

बुधवार आणि गुरुवार

शिकवणी दुपारी दोनला सुरू होई. मी म्हटलं, सकाळी पाणी कसं आरशासारखं आहे, तेव्हा का नाही? सुगंधाताई म्हणाल्या, "सकाळी दर्यो कोणाकय जमता."

इथे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई म्हणतात. तो अकराच्या सुमाराला थांबतो, घटकाभर माडाचं पानही हलत नाही आणि मग समुद्राकडून वारा येतो. आधी दूरवर पाण्याचा पट्टा काळा पडतो, मग तो पट्टा जवळ येतो, मग अंगावर. खाडीचं पाणी ओहोटीने बाहेर निघालेलं असलं आणि वारा समोरून आत घुसत असला, की मुखाशी दोघांची जुंपते. लाटा उंच नसतात, पण आखूड आणि कोणत्याही बाजूने येणाऱ्या. एक संपायच्या आत दुसरी तोंडावर.

गार्गी नदीची. बेतवावर तुम्ही वल्हं थांबवलं तरी पाणी तुम्हाला पुढे नेतं. तिथे घाई करणाऱ्याला लोक हसतात. इथे तिने त्याच सवयीने हात थांबवला की कयाकचं नाक वाऱ्याने गर्रकन फिरायचं. सुगंधाताई आपल्या होडीतून ओरडायच्या, "तुझो हात थांबलो काय वाऱ्याचो हात सुरू!" पहिल्या दिवशी ती संध्याकाळी परतली तेव्हा तळहाताची सालं निघाली होती. मी हळद लावू लागले, तर म्हणाली, "आत्या, रहने दो. कल फिर निकलेंगी."

गुरुवारी मला प्रवासी म्हणून पुढे बसवलं. मागे बसतो तो होडी चालवतो, पुढचा फक्त साथ देतो. समुद्रात आपण इतके खाली बसलेलो असतो हे काठावरून कळत नाही. पाणी कमरेशी, क्षितिज लाटांमागे लपलेलं, होडीचं नाक वर जातं आणि थाडकन खाली आपटतं, तोंडात मीठ, डोळ्यांत मीठ. मी किंचाळले, मग हसले, मग पुन्हा किंचाळले. मागून गार्गी तोंडाने न बोलता होडीच्या हालचालीतूनच मला सांगत होती, वाऱ्याचा पट्टा आला की एक लांब वल्हं, लाट बाजूने आली की कंबर सैल. दोन दिवसांत या मुलीने पाण्याचा रंग वाचायला सुरुवात केली होती. तिला पोहण्याचे पहिले हात मी शिकवले होते, बेतवाकाठी एरच गावच्या घाटावर. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

शुक्रवार

परीक्षा साधी होती. प्रवाशाला घेऊन खाडीतून निघायचं, मुखाबाहेर टाकलेल्या नारिंगी, तरंगत्या बोयाला वळसा घालायचा, तिथे सांगितल्यावर प्रवाशाने पाण्यात पडायचं, त्याला पुन्हा होडीत घ्यायचं आणि परत यायचं. सुगंधाताई आपल्या होडीतून लांबूनच बघणार, मदत करणार नाहीत. प्रवासी अर्थातच मी.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. लाज वाटते, पण सांगते.

आमच्या घरात एक रीत आहे. नावेतून बेतवा ओलांडताना मधल्या धारेत हात जोडायचे, ओंजळभर पाणी घ्यायचं आणि ते नदीला परत द्यायचं. वल्हवणाराही तेवढा वेळ थांबतो आणि नदी तेवढं चालवून घेते. इतकी वर्षं हे केलेलं, की मी ते करते आहे हे मला कळतही नाही. कर्लीचं पाणी समुद्राला मिळतं त्या ठिकाणी आम्ही पोचलो. समोर उघडा समुद्र, उन्हात चमकणारा. माझं मन भरून आलं. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, हात जोडले आणि ओंजळ भरायला उजवीकडे वाकले.

डावीकडून लाट आली. वल्हं घसरलं. मी हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले, म्हणजे होडी सोडून वल्ह्यावर झेपावले, आणि आम्ही दोघी पाण्यात.

एवढ्यावर भागलं असतं. पण एरचला पोहायला शिकताना आम्हा मुलांच्या डोक्यात एक नियम घट्ट बसवला होता, की नाव उलटली तर नाव सोडायची आणि काठ गाठायचा. बेतवात काठ कधीच फार लांब नसतो. मी माडांकडे तोंड केलं आणि हात मारायला लागले. मागून गार्गी ओरडत होती, वाऱ्यात काही कळत नव्हतं. मी मारले शंभर हात. माड होते तेवढेच राहिले. मग माझ्या लक्षात आलं, की ओहोटी मला बाहेर ओढते आहे आणि माझे हात संपले आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मला पाण्याची भीती वाटली.

गार्गीने होडी सरळ केली होती, चढली होती, एकटी वाऱ्याविरुद्ध माझ्याकडे येत होती. पण तिच्याआधी सुगंधाताई पोचल्या. त्यांनी माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा पकडला आणि म्हणाल्या, "आता हालू नको, बाय." आणि परीक्षा तिथेच संपली.

वाळूवर आल्यावर त्यांनी दोरी गुंडाळत एक शब्द सांगितला. "नापास."

मी थंडीने कुडकुडत होते, तरी भांडायला उभी राहिले. चूक माझी, ओंजळ मी भरली, होडी मी सोडली, पोरीला का शिक्षा? सुगंधाताईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ह्या चेडवान तुमका आदी काय सांगल्यान? पडलास तर काय करूचा ता?"

काही सांगितलं नव्हतं. मी आत्या. मला पोहता येतं. मीच तर तिला शिकवलं.

"आत्या म्हणान सांगूक नाय," सुगंधाताई म्हणाल्या. "उद्या तिच्या होडयेत दुसऱ्या कोणाची आत्या बसतली. तीय नदीत पोवणारी असतली." मग माझ्याकडे वळून जरा मवाळपणे म्हणाल्या, "आमी पयलो हात होडयेक लावतो. दर्यो मोठो. तेका नमस्कार उशिरान पावलो तरी चलता."

गार्गी इतकंच म्हणाली, "सही कह रही हैं, आत्या." आणि होडी धुवायला निघून गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी श्रीधरचा फोन आला. तो माझ्याच फोनवर आला. मी उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, आज वारा फार होता. परीक्षा उद्यावर गेली." तो बरं म्हणाला. फोन ठेवून मागे पाहिलं तर गार्गी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती वळून आत गेली.

सुगंधाताईंकडे नापास झालेल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा देता येते. श्रीधरकडे येत नाही. आमची गाडी शनिवारी रात्रीची होती, म्हणजे एक दुपार हातात होती. सुगंधाताई म्हणाल्या, "माझी जाव बसात पुढे. हलकी आसा, दर्याची सवय आसा." मला वाटलं, सुटले. मी लगेच होकार देऊन टाकला.

"नहीं ताई," गार्गी म्हणाली, "आत्या ही बैठेंगी." मग माझ्याकडे वळून, "जिसको मैंने नहीं बताया, उसी को तो बताना है ना? बैठोगी ना, आत्या?"

मला नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बसते."

शनिवार

दुपारी वारा कालच्यापेक्षा जास्त. खाडीच्या मुखाशी सगळीकडे पांढरे फेसाचे शेंडे.

गार्गीने मला वाळूवर बसवलं आणि समोर उकिडवी बसली. ओळखच नसल्यासारखं सगळं पहिल्यापासून सांगितलं. वल्हं दोन्ही हातांत, काहीही झालं तरी. पडलात तर वल्हं गेलं तरी चालेल, होडी सोडायची नाही; तिच्या कडेला हा पट्टा आहे, तो असा धरायचा. काठाकडे बघायचं नाही, माझ्या तोंडाकडे बघायचं. मग म्हणाली, "अब आप बोलो." मी बोलले. "फिर से." पुन्हा बोलले. "हाथ से दिखाओ." जिला मी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं तिच्यासमोर मी शाळेतल्या पोरीसारखा पट्टा धरून दाखवला आणि खरं सांगते, एकदाही थट्टा सुचली नाही.

जाताना वारा समोरून. दहा वल्ही मारली की पाच होड्यांइतकं पुढे, एक वल्हं चुकलं की तेवढंच मागे. मागून तिचा हात एकदाही थांबला नाही. बोयाजवळ, काल ओहोटीने मला ओढून नेलं त्याच पाण्यात, सुगंधाताईंनी आपलं वल्हं उभं धरलं. ती खूण होती.

"आत्या, अब."

मी हलले नाही. मला हलताच येईना. हिरवंकाळं पाणी होडीखालून उसळत होतं आणि मला पुन्हा ते माड दिसत होते, जवळ न येणारे. गार्गीला होडी जागेवर ठेवायला सतत वल्हं मारावं लागत होतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिने जरा कंबर हलवली असती तर मी आपोआप पडले असते. परीक्षेत तसं चालतं, हे मला नंतर कळलं. तिने तसं केलं नाही.

"थांब जरा," मी म्हटलं.

"रुकी हूँ. आप अपने टाइम से."

किती वेळ गेला माहीत नाही. सुगंधाताई बघत होत्या, वल्हं तसंच उभं. शेवटी मी डोळे मिटले आणि बाजूला कलंडले.

खाली एकदम शांत होतं. मग वर आले, वारा, आवाज, तोंडात मीठ, आणि माझ्या हाताला होडी लागली. पट्टा सापडला. मी तो असा धरला की नंतर बोटं सोडवावी लागली. मान आपसूक काठाकडे वळली.

"मेरी तरफ देखो!" गार्गी ओरडली. तिला मी इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओले केस चिकटलेले, डोळे लाल, आणि अजिबात न घाबरलेली. "अब पैर मारो. और! और! पेट के बल, आत्या!" तिने माझ्या जॅकेटला धरून ओढलं आणि मी गव्हाच्या पोत्यासारखी होडीवर आडवी पडले. पोतं वळलं, बसलं, त्याने वल्हं हातात घेतलं. आम्ही बोयाला वळसा घातला.

परतताना वारा पाठीवर. आता तीच लाट मागून उचलून पुढे फेकत होती. होडी नुसती धावत होती. एकेका लाटेवर बसून आम्ही खाडीत शिरत होतो आणि मी मोठमोठ्याने हसत होते. काल ज्या पाण्याने मला रडवलं त्याच्यावर माझा राग राहिला नाही. इतकं सुंदर, इतकं दांडगं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि या पोरीने मला त्याच्या मधोमध नेऊन आणलं होतं.

सुगंधाताई पास म्हणाल्याच नाहीत. घरी येऊन त्यांनी चष्मा लावला, कागद काढला आणि सावकाश लिहिलं. गार्गीचं नाव, दिवस, वाऱ्याची दिशा, आणि खाली सही. मग तो कागद चुलीजवळ धरून वाळवला, कारण गार्गीच्या हातांनी तो ओला झाला होता.

मी आत सामान भरत होते. बाहेर ओट्यावर गार्गीने वडिलांना फोन लावला. स्पीकर चालू. मी दारातून हातवारे करून खुणावलं, कालचं काही बोलू नको म्हणून. तिने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"बाबा, पास हो गई." मग लगेच, चक्क मराठीत, "पण काल नापास झाले होते. परीक्षा पुढे गेली नव्हती. काल झाली, आणि मी नापास झाले. आज दुसऱ्यांदा दिली."

मी हातातलं लुगडं तसंच धरून उभी राहिले.

"नापास कशी झालीस?" श्रीधरने विचारलं.

"आत्या पाण्यात पडल्या. माझी गलती. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं."

"आणि आज कोणाला नेलंस?"

"आत्यालाच."

माझ्या या भावाने एकदा मला सदर बाजारात एक सकाळ स्कूटर शिकवली होती आणि दुसऱ्या सकाळी किल्ली लपवून ठेवली होती. अट घातली की मोडत नाही, याबद्दल घरात त्याचा दरारा आहे. मला वाटलं, संपलं. आणि ते माझ्या एका ओंजळीने संपलं.

"मी एकच चान्स म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हओ, बाबा."

"आणि तू त्याच बाईला पुन्हा त्याच पाण्यात घेऊन गेलीस."

"हओ."

"आणि परत आणलीस."

श्रीधरने घसा साफ केला. "बँकेत तुझं काय काम? ये घरी. कानपूरवाल्यांना मी कळवतो, मुलगी येत नाही म्हणून."

फोन बंद झाला. चार दिवसांत, तळहाताची सालं निघाली तेव्हा, नापास झाली तेव्हा, पास झाली तेव्हाही न रडलेली माझी भाची ओट्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली. मी सामान तसंच टाकलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले.